टीव्हीतल्या दादाची भाऊबीज

दादा टीव्हीवर दिसला त्या संध्याकाळच्या आमच्या घरात निदान चार हकिकती आहेत. आई सांगते ती रडवणारी, बाबा सांगतात ती दोन वाक्यांत संपणारी, आणि दादाची तर दर वेळी निराळी. खरी फक्त माझी. पुरावा मागाल तर एवढाच, की ती मी सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगते आणि सांगताना अजूनही माझ्या कानशिलांतून वाफ निघते. माझी मुलगी म्हणते, "ममा, यू आर मेकिंग धिस अप." मी म्हणते, ये, वाफेला हात लावून बघ.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला राहत होतो, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतल्या मधल्या घरात. भिंती इतक्या पातळ, की शेजारच्याने टोस्टरमध्ये ब्रेड घातला की आमच्याकडे आई स्वयंपाकघरात धावायची, काय जळतंय म्हणून. जवळच्या डलस विमानतळावर उतरणारी विमानं छतावरून जायची, तीही इतक्या खालून, की गच्चीवर कपडे वाळत घालायची सोय असती तर आमच्या अर्ध्या चादरी फ्रँकफर्टला गेल्या असत्या. दिवाळीच्या आधी दोन शनिवार गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि गॅरेजमध्ये शेगडी लागायची, कारण तळणाचा वास एकदा घरात शिरला की तो कोटांच्या कपाटात मुक्काम ठोकायचा, थेट एप्रिलपर्यंत. शाळेत माझी बाही हुंगून कोणीही सांगावं, यंदा यांच्याकडे चकल्या झाल्यात की नुसतीच शेव. आई पातेल्याशी, आणि तिच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर कोट, कानटोपी, मोजे घालून काळे काकू. सोऱ्या फिरवायला मी. त्या गारठ्यात तेलाचा चर्र आवाज आणि पहिल्या घाण्याची फुटकी चकली, ती जिभेवर पोळत असतानाच खायची. आता डॉक्टरने मला तळलेलं बंद केलंय. मी त्याला म्हटलं, तू त्या गॅरेजमध्ये कधी उभा राहिला नाहीस म्हणून बोलतोस.

काळे काकूंबद्दल सांगायलाच हवं. काळे काका डॉक्टर, निवृत्त झालेले. दोघं अमेरिकेत आली तेव्हा सबंध व्हर्जिनियात हिंग मिळत नव्हता, असं काकू सांगायच्या. त्यांनी मुंबईहून आणलेला हिंग जसा डबा घट्ट लावून वर्षानुवर्षं पुरवला, तसेच रीतिरिवाजही. मुंबईत त्यांच्या बहिणींनी जे केव्हाच सोडून दिलं होतं ते काकूंकडे ताजं होतं. आमच्या मराठी मंडळात हळदीकुंकू असो, मुंज असो, कुणाच्या नव्या घराची वास्तुशांत असो, शेवटचा शब्द त्यांचा. भटजी डेलावेअरहून यायचे, तेही काकूंकडे बघत बघत मंत्र म्हणायचे.

बाबा टेलिफोनच्या एका मोठ्या कंपनीत होते. ते दिवस वाईट होते. त्यांच्या ऑफिसातून रोज कोणी ना कोणी आपली कुंडी आणि बायकोपोरांचा फोटो खोक्यात घालून बाहेर पडायचं. व्हिसावर आलेली काही कुटुंबं तर पंधरवड्यात घर आवरून पुण्याला परतली. संध्याकाळी बाबा आले की आई आधी त्यांच्या हातांकडे बघायची; खोकं नाही म्हटल्यावर चहा टाकायची. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी बाबांवर तोंडसुख घेणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटू नये की माणूस नुसताच मठ्ठ होता. तो घाबरलेला होता. मला ते तेव्हा दिसत नव्हतं. मला तेव्हा फक्त फिडल दिसत होतं.

ते मला दाखवलं मिस डॉटीने. मिस डॉटी आमची स्कूलबस चालवायची, म्हणजे एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात कॉफी, आणि रेडिओचं बटण कुठल्या हाताने फिरवायची ते मला आजवर कळलेलं नाही. रेडिओवर सदासर्वकाळ कंट्री, म्हणजे इथली गावाकडची गाणी. मागच्या बाकांवरची मुलं कान झाकायची. मी दर आठवड्याला एकेक बाक पुढे सरकत सरकत शेवटी तिच्या खांद्याशी पोचले. नवरा सोडून गेला, कुत्रा मेला, ट्रक बंद पडला, आई आजारी आहे, आणि तरीही हे लोक तालात रडतायत, याचं मला फार अप्रूप वाटायचं. आणि त्या रडण्याच्या मागे फिडल. शाळेच्या ऑर्केस्ट्रात मी व्हायोलिन वाजवत होतेच. तिथे आम्ही सगळी इस्त्री केल्यासारखी ताठ बसून, एकमेकांना धक्का न लावता वाजवायचो. फिडल म्हणजे तेच वाद्य, फक्त बूट काढून ओसरीवर बसलेलं. त्या गाण्यांत एक म्हातारा वाजवायचा, टीव्हीवर बघितलेला, पांढऱ्या झुपकेदार मिशांचा. त्याचं नाव मी लिहीत नाही. सगळ्या गायकांच्या मागे तोच वाजवायचा, पुढे कधी यायचा नाही, आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत असं काही सांगून जायचा, की गाणाऱ्याने पुढे गायचीच गरज नसायची. मी त्याच्या त्या मधल्या जागा कॅसेटवर उतरवून, थांबवून, मागे नेऊन, रात्रंदिवस वाजवायचे. शेजारच्या टोस्टरवाल्याने घर विकलं ते याच कारणाने, असं आई म्हणते. मी म्हणते, त्याला बढती मिळाली होती.

नॅशव्हिलला एक म्युझिक स्कूल होतं, तिथे फिडल रीतसर शिकवायचे. प्रवेशाला ऑडिशन, ती तिथे समोर उभं राहून द्यायची, जानेवारीत. हर्नडनहून गाडीने दहा-अकरा तास. मी बाबांना विचारलं. जेवताना विचारलं, गाडीत विचारलं, ते दाढी करत असताना बाथरूमच्या दाराबाहेरून विचारलं. गणेशोत्सवात मंडळाच्या स्टेजवर अभंगाला साथ केली आणि माइक हातात आहे तोवर तिथूनही विचारलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि बाबा समोसे वाढायला उठून गेले. दर वेळी उत्तर एकच: "बघू." आमच्या घरात नाही कोणी म्हणत नसे. नाही म्हटलं तर भांडता येतं. 'बघू'शी कोण भांडणार?

आणि दादा. दादा राहतच होता नॅशव्हिलला. तिथल्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग करत होता. त्याला पाठवताना कोणी बघू म्हटलं नव्हतं. प्रवेशाचं पाकीट आलं, बाबांनी गाडीत गॅस भरला आणि निघाले. ज्या गावात रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर लोक फिडल वाजवत उभे राहतात, त्या गावात माझा भाऊ दोन वर्षं कानांत हेडफोन घालून हिंदी सिनेमाची गाणी ऐकत फिरत होता. फिडल आणि बँजो यांतला फरक त्याला विचारला तर म्हणाला, एक गिटारसारखं असतं आणि एक नसतं. देवाने भूक मला दिली आणि जेवणाच्या पंगतीत त्याला बसवलं.

त्या वर्षी भाऊबीज बुधवारी आली. दादाची परीक्षा होती, तो येणार नव्हता. आईचे डोळे आठवडाभर आधीपासून भरलेले. रविवारी त्याचा फोन आला, तो मी घेतला.

"मृण्या, ऐक ना. बुधवारी मी बहुतेक टीव्हीवर आहे."

"का? काय चोरलंस?"

"अगं, ते अवॉर्ड्स असतात ना इथे, कंट्रीचे. त्यात सीट फिलर म्हणून चाललोय."

मी भिंतीला टेकले. तो सांगत होता, आणि त्याच्या सांगण्यात इतका कंटाळा होता, की जणू लाँड्रीला चाललाय. समारंभात मोठमोठे गायक पुढच्या रांगांत बसतात. कोणी गायला उठतं, कोणी पुरस्कार घ्यायला, कोणी बाथरूमला. कॅमेऱ्याला रिकामी खुर्ची दिसता कामा नये, म्हणून नीटनेटके कपडे घातलेली साधी माणसं भिंतीशी रांगेत उभी करतात. खुर्ची रिकामी झाली की पळत जाऊन तिच्यात बसायचं, टाळ्या वाजवायच्या, मालक परत आला की मुकाट्याने उठायचं. कोणाशी आपणहून बोलायचं नाही.

"माझा रूममेट जाणार होता, त्याला ताप आलाय. म्हटलं, सूट आहे माझ्याकडे, जातो. तुला आवडतं ना हे घोडेवालं म्युझिक?"

"घोडेवालं," मी म्हटलं.

"तेच ते."

"दादा, मला ने. मी रात्रीच्या बसने येते. मी भिंतीशीच उभी राहीन. मी खुर्चीत बसणारसुद्धा नाही."

"अठराच्या वर लागतं, यार."

माझा अठरावा वाढदिवस मार्चमध्ये होता. मला इतक्या उशिरा जन्माला घातल्याबद्दल मी त्या संध्याकाळी आईशी भांडले, आणि ती चकल्यांचे डबे पुसत शांतपणे म्हणाली, "दादा तरी बघ कसा वेळेवर आला."

त्यानंतरचे तीन दिवस आमच्या घरातलं दूध मी नुसतं बघितलं तरी नासत होतं. थर्मोस्टॅट बाबांनी खाली आणला, कारण माझ्या खोलीला भट्टीची गरज उरली नव्हती आणि खालच्या मजल्याचंही त्यावर भागत होतं. बसमध्ये मिस डॉटीला सांगितलं तेव्हा तिने चक्क सिग्नल हिरवा असताना बस थांबवली. म्हणाली, "हनी, तुझ्या भावाला त्याची किंमत आहे का?" मी म्हटलं, तो जेवण देतात म्हणून चाललाय. तिने उरलेल्या रस्त्यात रेडिओ बंद ठेवला. सुतक पाळल्यासारखा.

आता आईने ही बातमी काळे काकूंना सांगितली. तिथपर्यंत ही एका मुलीच्या जळफळाटाची गोष्ट होती; पुढे तिचा समारंभ झाला. आई रडत म्हणाली, पहिल्यांदाच बहिणीविना भाऊबीज जाणार अमेयची. काकूंनी कानटोपी सारखी केली.

"टीव्हीवर दिसणार आहे ना तो?"

"म्हणतोय तसं."

"मग ओवाळा."

"टीव्हीला?"

"टीव्हीला कशाला? अमेयला. मी इथे आले तेव्हा माझ्या भावाच्या फोटोला ओवाळायचे. हा तर हलणार आहे."

बुधवारी संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत निम्मं मंडळ जमलं. मंडळाच्या इतिहासात एवढी गर्दी फक्त एकदा, आंब्यांची पेटी फुटली तेव्हा झाली होती. गालिच्यावर रांगोळी काढता येईना म्हणून काकूंनी वर्तमानपत्र पसरून त्याच्यावर काढली. स्मोक अलार्मला आईने बाथरूममधली शॉवर कॅप चढवली, निरांजनाने तो कोकलू नये म्हणून. पाट मांडला. चांदीचं ताट, त्यात कुंकू, अक्षता, सुपारी, आईची अंगठी. मला जबरदस्तीने पैठणीचं परकर-पोलकं घातलेलं, तेही तोकडं झालेलं. व्हीसीआरवर रेकॉर्ड करण्याची जबाबदारी पेठे काकांची. पेठे काका पुण्याचे, आयटीतले, आणि त्यांचं कुठलंही वाक्य 'टेक्निकली'ने सुरू व्हायचं. बाबा त्या दिवशीही खोकं न घेता घरी आले होते आणि एका कोपऱ्यात चिवड्याची वाटी घेऊन बसले होते.

कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं असताना काकू पाटाशी येऊन उभ्या राहिल्या, खिडकीकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"याचं तोंड दक्षिणेला आहे."

"कोणाचं?" बाबांनी विचारलं.

"अमेयचं. टीव्ही दक्षिणेकडे तोंड करून ठेवलाय तुम्ही. आजच्या दिवशी? आज यमाचा दिवस, आणि मुलाला दक्षिणेला बसवता?"

आईच्या हातातली अंगठी गालिच्यावर पडली. पेठे काका म्हणाले, "टेक्निकली, काकू, तो नॅशव्हिलमध्ये कुठल्या दिशेला बसलाय ते..." काकूंनी त्यांच्याकडे फक्त बघितलं. मग आमचा टीव्ही फिरवायचं ठरलं. तो त्या काळातला मोठा टीव्ही, पुढून कपाटाएवढा, मागून हत्तीच्या पिल्लाएवढा. तो घरात आल्यानंतर त्याच्याभोवती घर बांधलं असावं असा. चार पुरुषांनी "एक, दोन, तीन" करत तो पूर्वेला वळवला आणि पडद्यावर मुंग्या आल्या. केबलची वायर तेवढी लांब नव्हती. ताणली तर टीव्हीला पोचत होती, पण सुटली की चित्र जायचं. शेवटी पेठे काका मागे जाऊन ती दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. हात डोक्याच्या वर नेला तर रंग यायचे, खांद्यापर्यंत आणला तर काळंपांढरं. तीन तासांचा कार्यक्रम होता. पेठे काका पुढे महिनाभर डोक्यावर बादली धरल्यासारखे चालत होते. खोटं वाटत असेल तर काळे काकूंना विचारा. त्या आता नाहीत, म्हणूनच तर मी इतक्या विश्वासाने त्यांचा दाखला देते.

समारंभ सुरू झाला. लाइट, धूर, टोप्या. काकू म्हणाल्या, घरात आल्यावरही ही माणसं टोपी काढत नाहीत का? आईला दर मिनिटाला दादा दिसत होता: खांबाशी उभा तो, ढोलवाल्याच्या मागे तो, एकदा तर एका बाईच्या मांडीवरच्या पर्समध्ये तो. मी ताट घेऊन उभी. निरांजन लावायचं की नाही यावर दोन पक्ष पडले, लावलं. माझे हात भरून आले होते, पण मला ताटाचं भान नव्हतं. कारण पुढच्या रांगांत मला मिशा दिसल्या होत्या. पांढऱ्या, झुपकेदार. इतकी वर्षं मागे उभ्या राहिलेल्या माझ्या म्हाताऱ्याला त्यांनी त्या दिवशी पुढे बसवलं होतं, आणि त्याच्या शेजारी चंदेरी झग्यातली एक गायिका. तिचं नाव पुकारलं, ती गायला उठली, कॅमेरा तिच्यामागे स्टेजवर गेला. गाणं सुरू झालं. कॅमेरा परत प्रेक्षकांत आला, आणि तिच्या खुर्चीत माझा भाऊ.

"आला गं," आई म्हणाली आणि खाली बसली.

आखूड बाह्यांचा तो काळा सूट, चुलतबहिणीच्या लग्नातला. भांग पाडलेला. आणि खुर्चीच्या हातावर त्याचं कोपर, त्याला टेकून म्हाताऱ्याचं कोपर. ते कोपर. ज्या कोपराच्या वळणाने मी वर्षभर आरशासमोर माझं कोपर वळवत होते. दोघांच्या मध्ये फक्त दोन कोटांचं कापड होतं. हर्नडनमध्ये मी उभ्या जागी अशी पेटले, की काकू म्हणाल्या, निरांजनाची वात जरा लहान कर.

आणि मग दादाने जांभई दिली.

साधी नाही. तोंड उघडलं, ते उघडतच गेलं. आत पडजीभ दिसली, अक्कलदाढ दिसली, मला वाटतं सकाळचे पोहेही दिसले. डोळे मिटले. खांदे वर गेले. सबंध अमेरिकेत ज्या एका खुर्चीसाठी मी जीव टाकत होते, त्या खुर्चीत बसून, पृथ्वीवरच्या सगळ्यांत थोर फिडलवाल्याच्या कोपराला कोपर लावून, माझ्या सख्ख्या भावाने जबडा फाकवला.

"दमलाय गं माझा बाळ," आई म्हणाली. "जागरण होत असणार. परीक्षा आहे ना."

"कुंकू लाव, कुंकू," काकू ओरडल्या. "जाईल तो."

मी बोट बुडवलं आणि त्याच्या कपाळावर टेकवलं. पडद्याने चटकन शॉक दिला, मी हात मागे घेतला, आणि त्या अर्ध्या क्षणात कॅमेरा हलला. कुंकू लागलं ते एका सोनेरी केसांच्या गायिकेला. तिथेच राहिलं. अक्षता टाकल्या त्या पडद्याला चिकटल्या. पुढे त्या संध्याकाळी ज्याला ज्याला पुरस्कार मिळाला, त्याने तो आमच्या घरचं कुंकू लावून घेतला. कोणाच्या कपाळी, कोणाच्या गालाला, एका बिचाऱ्याच्या बरोबर नाकाच्या शेंड्यावर. मी ताट ओवाळायला घेतलं तर जाहिरात लागलेली.

"जाहिरात आहे, काकू."

"थांबू नकोस. सुरू केलेलं ओवाळणं मध्ये थांबवत नाहीत."

अशा रीतीने मी भाऊबीजेला एका लाल पिकअप ट्रकला ओवाळलं. तो अजूनही कुठेतरी टेनेसीत धडधाकट पळत असणार.

मंडळी खूश होती. दिसला, दिसला म्हणत पेढे फिरले. दर अर्ध्या मिनिटाला कोणीतरी मला म्हणत होतं, "काय भाग्यवान गं भाऊ तुझा," आणि मी हसत होते, म्हणजे दात दाखवत होते. एवढ्यात फोन वाजला. बाबांनी उचलला, "अरे तू? कार्यक्रम चालू आहे की," म्हणाले आणि स्पीकर चालू केला. दादा कुठल्यातरी सँडविचच्या दुकानातून बोलत होता. चावण्याचा आवाज येत होता.

"मला काढलं त्यांनी," दादा म्हणाला. "एक हेडसेटवाली बाई आली, म्हणाली, थँक्यू, तू गेलास तरी चालेल. मी जांभई दिली म्हणे. दिसली का?"

"छान दिसलास रे," आई म्हणाली.

"लवकर सोडलं पोराला, परीक्षा आहे म्हणून," काकूंनी बाकीच्यांना समजावून सांगितलं. "माणसं चांगली आहेत."

मी फोनजवळ गेले. "दादा, तुझ्या शेजारी कोण होतं माहितीये?"

"तो आजोबा? भारी होता यार. मी जांभई दिली तर म्हणाला, सन, यू नीड धिस मोअर दॅन मी, आणि खिशातून पेपरमिंट काढून दिलं."

खोलीत बाकी कोणाला काही कळलं नाही. मी मात्र फोनवर वाकले.

"कुठे आहे ते?"

"काय?"

"पेपरमिंट."

"खाल्लं."

आयुष्यात पुढे माझ्यावर बरेच प्रसंग आले. घर बुडालं, एक नवरा गेला, दुसरा आला. पण त्या एका शब्दाच्या तोडीचं काही मला आठवत नाही. मी वर्षभर ज्या माणसाच्या दोन सुरांमधल्या जागेत राहत होते, त्याने स्वतःच्या हाताने दिलेली गोष्ट माझ्या भावाने चघळून संपवली होती, आणि वर आता सँडविच खात होता.

"ओवाळणी राहिली," काकूंनी आठवण केली. "फोनवर आहे तोवर विचार त्याला, ताटात काय घालतोस. आणि मागताना लाजायचं नाही. बहिणीने मागायचं, भावाने द्यायचं, मध्ये कोणी बोलायचं नाही."

"माग, मृण्या," दादा म्हणाला. "काय हवं?"

ताट माझ्या हातात होतं. मी बाबांकडे बघितलं नाही, फोनच्या काळ्या जाळीकडे बघत बोलले, आणि मत्सराने माझा आवाज इतका कडक झाला होता, की भीक मागतेय असं कोणाला वाटणं शक्य नव्हतं.

"जानेवारीत तुझ्या गावात म्युझिक स्कूलची ऑडिशन आहे. मला घेऊन जा. तिथे नेऊन, दाराशी उभा राहून, परत आणून सोड. हीच ओवाळणी. दुसरं काही नको."

कोपऱ्यात बाबांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली. त्यांचे ओठ जुळलेले मी डोळ्यांच्या कडेने बघितले. तो 'ब' होता. मी त्याला कुठेही ओळखलं असतं. काकू त्यांच्याकडे वळल्या.

"हो, जाऊ ना," दादा घास गिळत म्हणाला. "त्यात काय? ख्रिसमसला येतोच आहे, जाताना माझ्याबरोबर चल. बाबा, मी नेतो हं हिला. चांगली वाजवते ती. आज तिथे जे ऐकलं ना, तसंच वाजवते."

बाबांचे जुळलेले ओठ सुटले.

"हो, हो," बाबा म्हणाले. "जाऊ दे की. तू आहेस तिथे, तर काय प्रश्न आहे? अवश्य जाऊ दे."

टाळ्या पडल्या. आईने पेढा माझ्या तोंडात कोंबला आणि दादाचं कौतुक सुरू केलं. भाऊ असावा तर असा, मागितलं आणि दिलं, क्षणभर विचार केला नाही. खरंच केला नव्हता. मी जे जेवताना, गाडीत, दाराबाहेरून आणि स्टेजवरून मागितलं होतं, ते त्याने दोन घासांच्या मध्ये देऊन टाकलं. मला सगळं मिळालं होतं. तोंडात पेढा, हातात ताट, पुढ्यात नॅशव्हिल. आणि त्या खोलीत माझ्याइतकं जळणारं दुसरं काही नव्हतं, कारण खुर्ची नाही, कोपर नाही, पेपरमिंटसुद्धा नाही; मला हवा होता तो त्याचा तो 'त्यात काय'. तो मी एकदा म्हणायचा आणि बाबांनी ऐकायचं.

बाबा उठून माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे खरोखरच ओले होते, मनापासून ओले. मी कितीही फुगवून सांगत असले तरी हे फुगवून सांगत नाही.

"अगं," ते हळूच म्हणाले, "एवढं मनात होतं, तर आधी कधी बोलली का नाहीस?"